साठ डेसिबलची रेघ

२००१ सालच्या फेब्रुवारी महिन्यात मी भोपाळला होतो. जनगणनेच्या कामासाठी प्रतिनियुक्तीवर असल्यामुळे प्रगणकांच्या प्रशिक्षणवर्गांना हजर राहणे हा माझ्या कर्तव्याचा भाग होता. प्रगणक म्हणजे बहुतांशी प्राथमिक शाळांतील शिक्षक. त्या वर्षीच्या अनुसूचीत कित्येक वर्षांनंतर अपंगत्वाचा प्रश्न आला होता आणि त्याविषयीच्या सूचना मी वाचून दाखवीत होतो. ज्याला मुळीच ऐकू येत नाही किंवा केवळ मोठे आवाज ऐकू येतात, त्याची नोंद श्रवणदोषाखाली करावी. श्रवणयंत्र लावून ज्याला ऐकू येते, त्याची करू नये. तेवढ्यात मागच्या बाकावरील एक वयस्क गुरुजी उठून म्हणाले, "सर, मशीन लगा ले तो आदमी ठीक, और उतार दे तो बहरा. फिर गिनें कब?" वर्गात हशा पिकला. मीही हसलो आणि पुढच्या सूचनेकडे वळलो.

त्याच आठवड्यात प्रगणक आमच्या सरकारी निवासस्थानीही आले. माझी आई तेव्हा साठीची होती. चाळिशीपासून तिचे कान जड झाले होते. शेजारच्या स्त्रिया तिच्याविषयी हिंदीच्या रीतीने "माताजी ज़रा ऊँचा सुनती हैं" असे म्हणत. पोलक्याला अडकवायची डबी आणि तिच्यापासून कानापर्यंत जाणारी वायर, अशा जुन्या धर्तीचे श्रवणयंत्र मी तिला आणून दिले होते. प्रगणकांनी विचारले तेव्हा उत्तर मीच दिले, "यंत्राने ऐकू येते." तिची नोंद झाली नाही. नियमाने ते बरोबरच होते. यंत्र मात्र त्या वेळी कपाटातल्या खणात होते, आणि आठवड्यातले चार दिवस ते तिथेच असे. का, असे विचारले की ती म्हणे, "अरे, त्यातून आवाज येतो, बोलणं येत नाही."

गुरुजींच्या त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता पुढील वीसेक वर्षांत मी बहिरेपणाच्या मोजणीचा इतिहास वाचीत गेलो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला आकडा दिसला की त्यामागची व्याख्या शोधण्याची सवय असते. या विषयात तर व्याख्या हाच इतिहास आहे.

भारतातील ब्रिटिश जनगणनांत १८८१ पासून १९३१ पर्यंत 'व्याधी' या सदराखाली चार गोष्टींची नोंद होत असे: वेड, बधिर-मूकत्व, अंधत्व आणि महारोग. यातील बधिर-मूकत्व जन्मजात असावे अशी अपेक्षा होती. त्या साऱ्या काळात संपूर्ण हिंदुस्थानातील बधिर-मूकांचा आकडा साधारणपणे दीड ते अडीच लाखांच्या दरम्यान राहिला. वार्धक्याने, कान फुटल्याने, गोवराने किंवा गिरणीतल्या खडखडाटाने ज्यांचे ऐकणे गेले, ते या आकड्यात कोठेच नव्हते. जे ऐकत नाही आणि म्हणून बोलतही नाही, तेवढेच बहिरेपण सरकारला दिसत होते.

हे 'जन्मजात' विशेषण इंग्रजांनीच आणले असे नव्हे. मिताक्षरेच्या परंपरेत जन्मांध आणि जन्मबधिर यांना वारसाहक्कातून वगळले जाई व त्यांच्या वाट्याला केवळ पोषणाचा हक्क येई. ब्रिटिश न्यायालयांनीही हा नियम चालविला. १९२८ च्या हिंदू वारसा (अपात्रता निवारण) कायद्याने तो संपविला. बहिरेपणाच्या व्याख्येवर शेतजमिनीचा तुकडा अवलंबून असण्याचा काळ आपल्यापासून फार दूर नाही, हे ध्यानी घ्यावे.

दरम्यान शिक्षणाचे प्रयत्न सुरू झाले होते. मुंबईत १८८५ मध्ये, कलकत्त्यात १८९३ मध्ये आणि तमिळ प्रदेशातील पालयमकोट्टै येथे १८९७ मध्ये मूकबधिरांच्या शाळा निघाल्या. परंतु शाळेत कोणाला घ्यावयाचे हे ठरविण्याचे साधन म्हणजे मागून वाजवलेली टाळी, घंटा किंवा शिक्षकाचा आवाज. मुलाने मान वळवली तर ऐकू येते, न वळवली तर येत नाही. या दोहोंच्या मधली जी विस्तीर्ण भूमी आहे, ती मोजण्याचा उपायच नव्हता.

तो उपाय दूरध्वनीच्या उद्योगातून आला. अमेरिकेतील बेल कंपनीच्या प्रयोगशाळांना दूरवर जाणाऱ्या तारेत आवाज किती क्षीण होतो हे मोजावयाचे होते. हार्वी फ्लेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२२ च्या सुमारास वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीसाठी पहिला व्यापारी विद्युत श्रवणमापक, म्हणजेच ऑडिओमीटर, तयार केला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस 'डेसिबल' हे एकक रूढ झाले. ते अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून आले. बेल यांची आई आणि पत्नी या दोघीही बधिर होत्या, हा योगायोग मला नेहमी विचारात पाडतो.

डेसिबलविषयी दोन गोष्टी वाचकांनी लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी की ही श्रेणी गुणाकाराची आहे. दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दसपट होते. साठ डेसिबलची श्रवणहानी म्हणजे निरोगी कानाला जेवढा ध्वनी पुरतो, त्याच्या दहा लाखपट तीव्रतेचा ध्वनी लागणे. दुसरी गोष्ट अशी की श्रवणमापकावरील शून्य म्हणजे निःशब्दता नव्हे. निरोगी कानांच्या तरुण मंडळींना सरासरीने जो सर्वांत मंद स्वर ऐकू येतो, त्याला शून्य मानले आहे. हे शून्यही माणसांनीच ठरविले. अमेरिकेतील जुने शून्य आणि १९६४ चे आंतरराष्ट्रीय शून्य यांत सरासरी दहा डेसिबलचा फरक होता. कान तोच, पण मापपट्टी बदलली की माणसाची श्रवणहानी एका रात्रीत दहाने वाढे.

दुसऱ्या महायुद्धानंतर तोफांच्या आवाजाने कान गेलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनातून श्रवणशास्त्र ही स्वतंत्र विद्याशाखा उभी राहिली. तिचे एक प्रवर्तक रेमंड कारहार्ट यांनी आग्रह धरला की केवळ शुद्ध स्वर ऐकवून भागणार नाही, बोलणे किती समजते हेही तपासले पाहिजे. माझ्या आईची तक्रार नेमकी हीच होती. स्वर ऐकू येणे आणि शब्द उमगणे या दोन निराळ्या क्षमता आहेत, आणि यंत्राने आवाज मोठा केला म्हणून शब्द स्पष्ट होतोच असे नाही.

ही विद्या भारतात रुजली ती १९६० च्या दशकात. म्हैसूर येथे अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था उभी राहिली आणि १९६६ मध्ये राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते तिच्या वास्तूची कोनशिला बसली. मुंबईत नायर रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयातही त्याच सुमारास या विषयाचे शिक्षण सुरू झाले. १९८३ मध्ये वांद्रे येथे केंद्र सरकारने महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांच्या नावाने श्रवणविकलांगांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन केली. या संस्थांनी केलेल्या कामांपैकी एक बाहेर फारसे ठाऊक नाही. इंग्रजी शब्दांच्या याद्या वाचून कानडी शेतकऱ्याची किंवा बंगाली गृहिणीची श्रवणचाचणी करता येत नाही. प्रत्येक भाषेत कोणते ध्वनी किती वेळा येतात हे पाहून चाचणीसाठी शब्दांच्या याद्या नव्याने बांधाव्या लागतात. हे कष्टाचे, प्रसिद्धी न मिळणारे काम अनेक भारतीय भाषांत झाले. परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचे मोल अधिक कळावे. आपल्या वृद्ध मातापित्यांची चाचणी कोणत्या भाषेत होते, हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

संशोधन असे पुढे जात असताना शासनाची मोजणी मात्र वेगळ्याच वाटेने चालली होती. १९३१ नंतर जनगणनेतून हा प्रश्न गेला तो थेट १९८१ मध्ये, आंतरराष्ट्रीय अपंग वर्षात, परत आला. तेव्हा तीनच वर्ग होते: पूर्ण अंध, पूर्ण पंगू आणि पूर्ण मुके. बहिऱ्यांचा रकानाच नव्हता. मुक्यांची संख्या सुमारे २.७७ लाख आली. १९९१ मध्ये प्रश्न पुन्हा वगळला गेला. १९९५ साली अपंग व्यक्तींसाठी पहिला व्यापक केंद्रीय कायदा झाला आणि त्यात बहिरेपणाला आकडा मिळाला: चांगल्या कानात, संभाषणाच्या कंप्रतांमध्ये, साठ किंवा अधिक डेसिबलची हानी. जावेद अबिदी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या आग्रहामुळे २००१ च्या जनगणनेत पाच वर्गांचा प्रश्न आला.

आता आकडे पाहा. २००१ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेले १२.६ लाख लोक निघाले. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५८ व्या फेरीत तो आकडा ३०.६ लाख आला, कारण पाहणीने यंत्राविना माणसाची स्थिती काय आहे ते विचारले होते. २०११ च्या जनगणनेत श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनाही धरावे अशी सूचना निघाली आणि आकडा ५०.७ लाखांवर गेला. दहा वर्षांत चौपट. याच दहा वर्षांत दृष्टिदोष असलेल्यांची संख्या १.०६ कोटींवरून ५०.३ लाखांवर उतरली. २००१ च्या सूचनांनुसार एकाच डोळ्याने दिसणारा माणूसही अपंग होता. भारतीयांचे कान दशकभरात बिघडले आणि डोळे सुधारले असे कोणी म्हणणार नाही. बदलला तो प्रश्न. दुसरीकडे, २००७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बहिरेपण प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रमाची कागदपत्रे जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाच्या आधारे लक्षणीय श्रवणदोष असलेल्यांची संख्या ६.३ कोटी सांगतात. एकाच देशात, एकाच काळात, साडेबारा लाखांपासून सव्वासहा कोटींपर्यंत.

हे सारे वाचताना मला माझ्या पेशाचा थोडा अभिमानही वाटत असे, की चूक कोठे आहे ते आम्हांला समजते. २०१९ मध्ये तो अभिमान उतरला.

तोवर माझी बदली दिल्लीला झाली होती. आईचे ऐकणे आणखी कमी झाल्याने प्रमाणपत्रासाठी मी तिला एका सरकारी रुग्णालयात नेले. आमच्या पुढे एक बांधकामावरचा मजूर आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन बसला होता. मुलाच्या चांगल्या कानाची सरासरी ५२ डेसिबल आली. आईची ६४. त्या वेळी लागू असलेल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात साठ ते सत्तर डेसिबल म्हणजे 'ऐकण्यास कठीण' आणि सत्तरपासून पुढे 'बधिर' अशी विभागणी आहे. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चांगल्या कानाला पाचपट वजन देऊन दोन्ही कानांची टक्केवारी काढत असत आणि चाळीस टक्क्यांची पायरी साठ डेसिबलपाशीच येत असे. आईला प्रमाणपत्र मिळाले. मुलाला मिळाले नाही. तज्ज्ञ बाई सहृदय होत्या. त्यांनी मजुराला सांगितले, मुलाला यंत्राची गरज आहे, वर्गात पहिल्या बाकावर बसवा, परंतु योजनेतील यंत्रासाठी चाळीस टक्के लागतात. त्याने विचारले, "और बिगड़ जाए, तब आएँ?" बाई काही बोलल्या नाहीत.

संभाषणाचा साधा आवाज श्रवणमापकाच्या मापावर पंचेचाळीस-पन्नास डेसिबलच्या आसपास असतो, आणि तोही जवळून. ५२ डेसिबलच्या मुलाला फळ्याजवळच्या शिक्षिकेचे बोलणे पोहोचतच नाही. त्याला वर्गात मंदबुद्धी समजतात, घरी हट्टी समजतात. आणि मी? त्या वेळच्या आयकर कायद्याच्या ८० डीडी कलमाखाली, अवलंबून असलेल्या दिव्यांग मातेसाठी, पंचाहत्तर हजार रुपयांची वजावट मला मिळाली. ती मी घेतली. कायद्याने माझी होती. साठ डेसिबलच्या रेघेच्या एका बाजूला केंद्र सरकारचा अधिकारी उभा होता आणि दुसऱ्या बाजूला तो मुलगा.

रेघ ओढणे हीच चूक, असे मी म्हणणार नाही. आयुष्याची तीस वर्षे रेघा ओढण्यात घालवलेल्या माणसाला तसे म्हणण्याचा अधिकारही नाही. नोकरीतील आरक्षण मर्यादित आहे. १९९५ च्या कायद्यात श्रवणदोषासाठी एक टक्का होता, २०१६ च्या कायद्यात बधिर व ऐकण्यास कठीण असलेल्यांसाठी एक टक्का आहे. मर्यादित गोष्ट वाटताना अधिक गरजूला प्राधान्य देणारी कठोर रेघ हवीच. तेथे अपात्र माणूस आत आला तर पात्र माणूस बाहेर जातो. २०१४ पासून केंद्राच्या सहाय्यक साधन योजनेत दरवर्षी पाचशे बालकांना, प्रत्येकी सहा लाख रुपयांच्या मर्यादेपर्यंत, कॉक्लिअर रोपण देण्याची तरतूद झाली. तेथेही निवड अटळ आहे.

परंतु श्रवणचाचणी, साधे श्रवणयंत्र आणि ते वापरण्याचे शिक्षण यांचे अर्थशास्त्र वेगळे आहे. येथे वगळण्याची चूक ही सामावण्याच्या चुकीहून कितीतरी महाग पडते. ५५ डेसिबलच्या एखाद्या प्रौढाला यंत्र दिले गेले तर सरकारचे काही हजार रुपये जातात. ५२ डेसिबलच्या बालकाला नाकारले तर त्याची शाळा जाते, भाषा जाते आणि पुढच्या चाळीस वर्षांची कमाई जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या अहवालात पुनर्वसनाची गरज चांगल्या कानातील ३५ डेसिबलच्या पुढे मानली आहे, आणि बालपणातील श्रवणहानीची सुमारे साठ टक्के कारणे टाळता येण्याजोगी असल्याचे तिने पूर्वीच सांगितले आहे. वाहणारा कान, न झालेले लसीकरण, वेळेवर न ओळखलेली कावीळ, अशी ही कारणे आहेत. ३५ आणि ६० यांच्या मधला प्रदेश हा प्रतिबंधाचा आणि उपचाराचा खरा प्रदेश आहे, आणि आपल्या प्रमाणपत्राला तो दिसत नाही.

या इतिहासातून मला उमगलेली गोष्ट एवढीच: हक्क देणे, उपचार देणे आणि मोजणे ही तीन निराळी कामे आहेत आणि त्यांना तीन निराळ्या व्याख्या लागतात. आपण एकाच रेघेवर तिन्ही कामे टांगली. १८८१ मध्ये 'जन्मजात' या शब्दावर टांगली, १९८१ मध्ये 'मुका' या शब्दावर, आता साठ या आकड्यावर. आकडा शब्दापेक्षा शास्त्रीय दिसतो, म्हणून त्याला प्रश्न विचारणे अधिक अवघड झाले आहे. प्रमाणपत्राची रेघ साठवर राहो. पण शाळेतील तपासणी आणि श्रवणयंत्र यांसाठी चाळीस टक्क्यांची अट असू नये, निदान अठरा वर्षांखालील मुलांसाठी तरी असू नये. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, योजनेची पात्रता बदलली तरी पुरते.

२०२० मध्ये महासाथ आली आणि सर्वांच्या तोंडावर मास्क आले. तेव्हा आम्हां सर्वांना कळले की आई इतकी वर्षे निम्मे ऐकणे ओठांवरून करीत होती. आलेखावर ६४ च होते, पण ती घरात एकाएकी ठार बहिरी झाली. २०२१ च्या हिवाळ्यात ती गेली. तिचे यंत्र अजून माझ्या खणात आहे.

२०२१ ची जनगणना त्याच महासाथीमुळे पुढे गेली आणि २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. प्रगणक दाराशी येतील आणि घरात कोणाला ऐकण्यात अडचण आहे का असे विचारतील, तेव्हा माझी एक विनंती आहे. त्या व्यक्तीला बाहेर बोलवा, समोर बसवा, आणि प्रश्न मोठ्याने, सावकाश, तिला विचारू द्या. थोडा वेळ लागेल. २००१ मध्ये आणि २०११ मध्ये, दोन्ही वेळा, आईच्या वतीने उत्तर मी दिले होते. पहिल्या वेळी ते नियमाप्रमाणे 'नाही' होते, दुसऱ्या वेळी नियमाप्रमाणे 'होय'. तिला कोणीच विचारले नाही, आणि ती आतल्या खोलीत होती म्हणून प्रश्न आल्याचेही तिला ऐकू गेले नाही.